अर्विडकाकांच्या डोक्यावरची घळ

आमच्या चर्चचं छप्पर बदलायला कमिटीला चार बैठका लागल्या. पहिल्या तीन नव्या शिंगलच्या, म्हणजे कौलांसारख्या बसवायच्या डांबरी पट्ट्यांच्या, रंगावर झाल्या आणि शेवटी जुनाच करडा ठरला. चौथीत विषय निघाला घळीचा. छपराची दोन पाखी जिथं आत वळून एकमेकांना मिळतात, तिथून सगळं पाणी आणि वितळलेला बर्फ वाहतो, ती घळ. छप्पर गळायचं झालं तर बहुतेक तिथूनच गळतं. बाकीचं छप्पर शोभेला असतं म्हटलं तरी चालेल.

काम माझ्याकडे होतं. मी टेबलावर दोन नमुने ठेवले. एकात घळीत पत्रा बसवून तो उघडाच ठेवायचा. दुसऱ्यात दोन्ही बाजूंच्या शिंगल एकमेकींत गुंफत वर न्यायच्या, वेणी घातल्यासारख्या.

"वेणी किती गोड दिसते!" अध्यक्ष व्हर्नाबाई म्हणाल्या.

"छपरावर बघायला कोण जाणारे?" मागून कुणीतरी विचारलं.

"देव. तो वरूनच बघतो."

मतं पडली चार-चार. राहिले अर्विड स्कोगलुंड. वय एक्याऐंशी. कमिटीत सदतीस वर्षं, त्यातली छत्तीस गप्प बसून. त्यांनी बटाट्याच्या हॉटडिशचा घास सावकाश संपवला आणि माझ्याकडे वळले.

"एमेट, पोरा, तुझं घर असतं तर तू काय केलं असतंस?"

खरं उत्तर होतं पत्रा. नव्या शिंगल जाड असतात, नीट वळत नाहीत. वेणी घातली की खाली पोकळी राहते, तिथं बर्फ मुक्कामाला येतो आणि जाताना छतातून जातो. हे मला पाठ होतं. पण पत्रा यायला दोन आठवडे लागणार होते, आणि त्याच आठवड्यात शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडत होता. मिनेसोटात माणसं त्या शनिवारसाठी लग्नं पुढे ढकलतात. बाळंतपणं ढकलता येतात का, याचीही चौकशी करतात.

"वेणी," मी म्हणालो.

"मग वेणी," अर्विडकाका म्हणाले.

शुक्रवारी काम संपलं. पुढचे नऊ दिवस मी झाडावर बसून होतो, इतर शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून केशरी टोपी घालून. एकही हरीण आलं नाही. एक खार आली, ती माझं सँडविच घेऊन गेली. मला तेव्हाच जरा शंका आली होती.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला. एवढं मोठं चर्च, पण थेंब पडायचा डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, कडेच्या जागेवर. ती जागा अर्विडकाकांची, त्याआधी त्यांच्या वडिलांची. आमच्याकडे माणूस एक वेळ धर्म बदलेल, बाक बदलणार नाही.

"थोडं आत सरका की," व्हर्नाबाई म्हणाल्या.

"नको. शेवटचं मत माझं होतं. गळू दे माझ्यावरच."

त्यांना कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. फक्त कॉफीच्या वेळी त्यांच्या ताटलीत केकचा कडेचा करपलेला तुकडा पडू लागला. मी दोन बाक मागे बसायचो. थेंब पडला की त्यांचे खांदे हलायचे, मग माझे. ऑर्गनवाल्या बाई स्तोत्रं थेंबाच्या लयीत वाजवू लागल्या. पाद्रीबाई क्षमेवर बोलायला लागल्या की मी बुटाची नाडी बांधायचो. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या.

शेवटी न राहवून मी काकांच्या दारातला बर्फ गुपचूप उपसायला लागलो. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडली.

"लाज वाटते रे पोरा. मी तुझ्या कामाचं नाव घालवलं, आणि तू माझा बर्फ उपसतोस! रविवारी कमिटीचा राजीनामा देतोय मी."

त्यानंतर मला जेवण जाईना.

रविवारी काका उभे राहिले. खिशातून कागद काढला. त्यावर लगेच एक थेंब पडला. "मला छपरातलं काही कळत नाही," ते वाचू लागले, "हे कळायला मला सदतीस वर्षं..."

"काका, थांबा!"

मी उभा राहिलो होतो. ते मलाही नंतर कळलं.

"तुम्हाला कळतं. म्हणून तर तुम्ही मला विचारलंत. मी खोटं बोललो. पत्राच हवा होता. पण दोन आठवडे थांबलो असतो तर माझी शिकार बुडाली असती."

एक थेंब पडला.

"मिळालं का हरीण?" व्हर्नाबाईंनी विचारलं.

"नाही."

साऱ्या बाकांवरून एक सुस्कारा उठला. खोटं बोलणं त्यांनी पचवलं असतं. पण हरणासाठी छप्पर घालवायचं आणि हात हलवत परत यायचं, म्हणजे फारच झालं.

काकांनी कागदाची घडी घातली. "पत्रा कधी बसेल?"

"वरचा बर्फ गेला की. मेमध्ये."

ते आत सरकले. आयुष्यात पहिल्यांदा. मोकळ्या झालेल्या ओल्या जागेवर त्यांनी हात आपटला.

"बस."

मी बसलो. लाकूड बर्फासारखं गार होतं. शेजारी काकांच्या पांढऱ्या केसांतून अजून पाणी निथळत होतं. ते माझ्याच्यानं बघवेना.

"काका, मला माफ..."

"तुझी शिकारीची केशरी टोपी आहे ना? मेपर्यंत दर रविवारी घालून ये."

"ती कशाला?"

"वरून नीट दिसायला हवास," काका म्हणाले.

थेंब माझ्या कॉलरमधून आत गेला.