हिरामणला मन नाही

माणसाच्या मनाचं कोडं अखेर सुटलं. ऋषिमुनी हजारो वर्षं डोळे मिटून बसले, शास्त्रज्ञ डोळे फाडून बसले, कुणालाच पत्ता लागला नाही. तो उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये, सनीसेठच्या जीन्स कारखान्याखालच्या गाळ्यात, चपला बाहेर काढण्याच्या अटीवर, सकाळी अकरा ते सायंकाळी सहा या वेळेत लागत होता. शुक्रवारी बंद.

रांग रिक्षा स्टँडपर्यंत गेली होती. अंबरनाथ, बदलापूर, थेट बारवीकडच्या पाड्यांवरून माणसं आली होती. गाळ्यात बसले होते चित्तानंद महाराज. पूर्वी ते इन्व्हर्टर विकायचे. समोर लॅपटॉप, मागे मोठा पडदा आणि मध्ये एक हेल्मेट, त्यातून निघालेल्या वायरींचं जंजाळ पार छतापर्यंत. हेल्मेट डोक्यावर चढलं की पडद्यावरची हिरवी रेघ थयथया नाचू लागे आणि रांग हात जोडी.

"मेंदू म्हणजे हार्डवेअर," महाराज सांगत. "मन म्हणजे सॉफ्टवेअर. कर्म म्हणजे व्हायरस. आणि मी कोण?"

"अँटिव्हायरस!" रांग गर्जे.

"डोक्यात शहाऐंशी अब्ज पेशी असतात. एकेक मोजलीय मी."

सेकंदाला एक मोजली तरी या कामाला पावणेतीन हजार वर्षं लागतात. महाराज पंचेचाळिशीचे दिसत. पण योगसाधनेनं माणूस तरुण राहतो, असं रांगेचं मत पडलं.

या रांगेशी हिरामणचा काही संबंध नव्हता. तो वर, सनीसेठच्या कारखान्यात, तीस शिलाई मशिनी दुरुस्त करी. बदलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या किर्तीशी त्याचं लग्न ठरलं होतं. पण किर्तीचे वडील धर्मराज यांनी अट घातली. "पत्रिका जुनी झाली, जावईबापू. हल्ली मेंदूच्या लहरी जुळवतात. आपण एकदा बघून घेऊ."

किर्तीनं वडिलांशी दोन दिवस वाद घातला आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून हेल्मेट घातलं. वेळ दुपारी साडेबारा. रेघ अशी उसळली की महाराज म्हणाले, "पोरगी फार विचार करते. लग्नानंतर कमी होईल."

हिरामणला कामातून सवड मिळाली ती जेवणाच्या सुट्टीत. एक वाजून दहा मिनिटांनी तो खाली आला, चपला काढल्या, हेल्मेट घातलं.

रेघ सपाट. इस्त्री केल्यासारखी.

महाराजांनी डोळे मिटले. "याच्या आत कुणी नाही."

"म्हणजे?" धर्मराज पुढं सरकले.

"बोलतो, चालतो, जेवतो. पण आतून अनुभवणारा नाही. शरीर आहे, मन नाही. रिकामा."

"अहो महाराज, मी आहे ना इथं!" हिरामण ओरडला. "मला वाईट वाटतंय!"

"वाईट वाटल्यासारखं करतोय," महाराजांनी रांगेला समजावलं. "रिकामी माणसं असंच म्हणतात."

आदल्याच दिवशी सव्वा वाजता एका बिल्डरची रेघ अशीच आडवी झाली होती. त्याला समाधी लागल्याचं जाहीर होऊन पेढे वाटले गेले होते. पण बिल्डर बिल्डर होता आणि हिरामण मेकॅनिक.

"मामा, तुम्ही तरी..." हिरामण धर्मराजांकडे वळला.

"तुमच्याशी काय बोलणार, आत कुणी नाहीच तर," धर्मराज म्हणाले. "पोरगी देऊ ती कुणाला देऊ?"

संध्याकाळी हिरामणनं वडापाव घेतला. मिरची चावली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो विचारात पडला: हे तिखट नेमकं कुणाला लागतंय? स्वतःला चिमटा काढला. दुखलं. पण दुखल्यासारखं झालं की खरंच दुखलं, हे ठरवायचं कुणी? शेजारच्या गिऱ्हाइकानं त्याला पाणी दिलं आणि थोडं लांब सरकून बसलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाना खाली ठेवला.

"अरे साईं, ये क्या?" सनीसेठ कळवळला. "तीन मशिनी पडून आहेत!"

"मला मन नाही, सेठ. मन लावून काम कसं करू?"

"वडी साईं, मला जीन्सचा माल द्यायचाय! कुठूनही आण, पण मन घेऊन ये!"

दुपारी किर्ती तडक कारखान्यात आली. महाराज रेघेचा छापील कागद देत, त्यावर वेळ असे. तिनं दोन कागद मशीनवर पसरले.

"माझी वेळ साडेबारा. तुझी एक दहा. बिल्डरची सव्वा, ती सगळ्या बाजारानं ऐकलीय. एक ते दोन तुम्ही इथं करता काय?"

"जेवतो."

"आणि मशिनी?"

"बंद. या जुन्या क्लच मोटरी. शिवण थांबली तरी घुं करत फिरतच राहतात, वीज खातात. म्हणून सेठ मेन स्विचच पाडायला लावतो." हिरामण थांबला. त्यानं खाली फरशीकडे पाहिलं. "आणि महाराजांच्या वायरी आमच्या बरोबर खाली, छताला."

"शुक्रवारी तुमचा कारखाना?"

"बंद."

"आणि शुक्रवारी दरबार?"

हिरामणनं पाना उचलला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता, भर गर्दीत, किर्तीनं रांगेतल्या अंजनीबाईंच्या पिशवीतून दुधी भोपळा मागून घेतला. अंजनीबाई बारवीकडच्या पाड्यावरून महाराजांसाठी घरचा दुधी घेऊन आल्या होत्या. कुणी काही म्हणायच्या आत किर्तीनं हेल्मेट दुधीवर ठेवलं.

रेघ थयथया नाचू लागली.

"बघा!" किर्ती म्हणाली. "दुधीला मन आहे का?"

महाराजांना घाम फुटला, पण तोंड चालूच होतं. "चराचरात चैतन्य आहे! हा दुधी पूर्वजन्मीचा योगी आहे!"

गर्दीनं जयजयकार केला. कुणीतरी दुधीला कुंकू लावलं. अंजनीबाई मटकन खाली बसल्या. "गं बाय, सकाळी मी याच्या भावाची भाजी केली!"

किर्तीनं कपाळाला हात लावला. हिरामणनं मात्र फोन कानाला लावला. "सेठ, मेन पाडा."

वरची घरघर थांबली. योगी दुधी आडवा.

"चालू करा."

योगी उठला.

"पाडा. चालू. पाडा." हिरामणच्या तालावर रेघ नाचत आणि झोपत होती. पुढच्या रांगेतली पोरं मोजू लागली. चौथ्यांदा मेन पडलं तेव्हा हिरामणनं हेल्मेट उचलून महाराजांच्याच डोक्यावर चढवलं.

सपाट.

"अरे, मी आहे ना इथं!" महाराज किंचाळले.

"रिकामी माणसं असंच म्हणतात," हिरामण शांतपणे म्हणाला.

हशा ओसरल्यावर किर्ती स्टुलावर चढली. "या वायरी एरियलचं काम करतात. वरच्या तीस मोटरींचा विजेचा गोंधळ त्यांत शिरतो, तोच पडद्यावर नाचतो. मेंदूतही वीज असते, पण इतकी बारीक की ती टिपायला फार जपून केलेली यंत्रं लागतात. आणि तीसुद्धा मन दाखवत नाहीत, फक्त वीज दाखवतात. त्या विजेतून मन कसं उमटतं, हे शोधायला जगभर माणसं संगणकावर मेंदूची गणितं मांडून बसली आहेत. ती म्हणतात, अजून नीट कळलेलं नाही. असं म्हणणाऱ्यांचं ऐका. सगळं कळलं म्हणणारा भेटला, की आधी त्याची वायर कुठं जाते ते बघा. आणि समोरचा माणूस दुखतंय म्हणाला, तर रेघ न बघता त्याच्यावर विश्वास ठेवा."

टाळ्या पडल्या. महाराज मागच्या दारानं निघून गेले, अनवाणीच. रांग पांगली.

धर्मराज खाली मान घालून हिरामणजवळ आले. डोळे पाणावले होते. "चुकलो, जावईबापू. पोरगी बोलली ते सोळा आणे खरं. लग्न पक्कं."

"मामा, जाऊ द्या आता."

"फक्त एक करा," धर्मराजांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "सेठना मेन चालू करायला सांगा आणि ते हेल्मेट एकदा घालून घ्या. रेघ उड्या मारतेय असा एक कागद निघाला, तर भावकीला दाखवायला बरं पडेल."