सतरा निळे कागद

नवरा अनय बुडाला तेव्हा लेक भव्या गाडीत झोपली होती, असं ऋजुता सगळ्यांना सांगायची. पोलिसांना, सासूबाईंना, स्वतःलाही. एका रविवारी सकाळी तिघं तमिळ किनाऱ्यावरच्या कोवलमच्या पुढे समुद्रावर गेली होती. अनय पोहायला उतरला. ऋजुता रस्त्यापलीकडच्या टपरीवरून पाण्याच्या बाटल्या घेऊन दहा मिनिटांत परतली, तर समुद्रात कुणीच नव्हतं.

त्या दिवसापासून चार वर्षांची भव्या बोलेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, वेळ द्या. ऋजुताला सिरुसेरीच्या ऑफिसात जाणं भागच होतं. म्हणून तीनेक महिन्यांनी तिने लेकीला जवळच्या बालवाडीत घातलं. तिथल्या कनका टीचर तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी तमिळच्या हेलात चाले, पण भव्याला ते कळायचं.

तीन-चार आठवड्यांनी त्यांनी ऋजुताला बोलावून घेतलं.

"रोज रंगांचा तास असतो," त्या म्हणाल्या. "बाकीची पोरं कधी मातीचा हत्ती करतात, कधी पानांचे ठसे. हिला फक्त निळा रंग पाहिजे. काय काढलंस, असं मी कुणालाच विचारत नाही, अम्मा. सांगायचं असलं की मूल आपणच सांगतं."

त्यांनी फरशीवर सतरा कागद ओळीने मांडले. प्रत्येक कागद निळा, आणि मधे हात ठेवून कोरा सोडलेला भव्याच्या पंजाचा पांढरा ठसा. पहिल्यावर तो मनगटापर्यंत पूर्ण होता. पाचव्यावर मनगट निळ्यात गेलं होतं. दहाव्यावर अर्धा तळवा. सतराव्यावर नुसती बोटांची टोकं.

कोपऱ्यात भव्या आणखी एक कागद रंगवत होती. त्यावर ठसा नव्हताच. ऋजुता तिच्याशेजारी खाली बसली.

"भव्या, तू जागी होतीस?"

भव्या ओला हात कागदावरून फिरवत राहिली. मग चार महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज आला, जरासा घोगरा.

"बाबा टाटा करत होता. मी पण केलं."

कनका टीचरांनी तोंडाला पदर लावला.

"हो गं," ऋजुता कशीबशी म्हणाली, "तुलाच करत होता." आणि तिने लेकीला रंगाने भरलेल्या हातांसकट पोटाशी धरलं.

भव्या आता बोलते. मातीचे मासे करते, पिवळ्या रंगासाठी भांडते, तमिळ गाणी म्हणते. डॉक्टरांनी बजावलंय, रंगांचा तास चुकवू नका.

ऋजुताचं मात्र भलतंच झालंय. रोज सकाळी बालवाडीच्या दारातून भव्या हात हलवते, आणि ऋजुताचा हात वर उठत नाही.

"आई, तू टाटा का करत नाहीस?" भव्याने काल विचारलं.

ऋजुता दोन्ही हातांनी फाटक घट्ट धरून उभी राहिली.