निळेरावांच्या अंगावर माझी दोरी

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. थोडा तिरकाच. माझ्या खालच्या कोपऱ्यात एक धूसर गुलाबी डाग आहे. तो डाग म्हणजे मला काढणाऱ्याचे बोट. कॅमेरा मागून आणलेला, त्यात त्याला हसू आवरेना, मग दुसरे काय होणार!

त्या दिवशी गच्चीवर ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या. त्यांच्या ओझ्याने दोरीला मधोमध झोळ पडला होता. दोरीखाली एक चिमुरडी बापाचे मोठाले बूट घालून उभी होती, आणि पायरीवर एक कुत्रा जगाची फिकीर न करता झोपला होता. एवढाच माझा ऐवज.

बरीच वर्षे मी अल्बममध्ये काढली. पुढे ती मुलगी मोठी झाली, शिकायला दूर गेली. तेव्हा तिच्या आईने मला स्कॅनरच्या काचेवर पालथे घातले आणि आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नेऊन बसवले. ही आई एका मोठ्या रुग्णालयात नर्सांच्या ड्यूट्या लावते. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून थोरलेसुद्धा.

स्क्रीनवर फाइलींची छोटी चौकोनी चिन्हे असतात ना, ती ताईने माझ्या अंगावर अगदी बेतून ठेवली. रजेचे अर्ज दोरीवर, चादरींच्या ओळीने. चालू आठवड्याचा तक्ता मुलीच्या बुटांवर. जुने तक्ते कुत्र्यापाशी, कारण त्यांना आता कोणी उठवायचे नव्हते.

"ताई, माझ्या रजेचं काय झालं?" एखादी सिस्टर दारातून विचारी.

"दोरीवर आहे. वाळली की देते."

"लवकर वाळवा हो, बहिणीचं बाळंतपण आलंय!"

आणि जाता जाता प्रत्येक जण माझ्याकडे बघून म्हणे, "काय गोड पोर आहे!" मला वाटायचे, या टेबलाचा मालक मीच.

मग एकदा कुठल्याशा वॉर्डात कॉम्प्युटर अडकला. सिस्टरने मदतीला फोन केला. "कुठला कॉम्प्युटर?" तिकडून विचारले. "अहो, खिडकीजवळचा!" ती म्हणाली. आता खिडकी कुठल्या मजल्यावर नसते? दुरुस्तीचा माणूस जिने चढून उतरून घामाघूम झाला. तेव्हा वरिष्ठांनी ठरवले की यापुढे रुग्णालयातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एकच चित्र असेल. निळा रंग, मध्ये संस्थेचे बोधचिन्ह, खाली त्या कॉम्प्युटरचा नंबर आणि मदतीचा फोन.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी ते निळे चित्र बसलेले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याचे नाव निळेराव ठेवले. त्याला ना गच्ची, ना बाप, ना कुत्रा. कुणाचे बोटसुद्धा त्याला कधी लागले नव्हते. आणि थाट केवढा! औषधांच्या खिडकीवर तो, बिलांच्या टेबलावर तो, मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतही तोच. मला मेले एकच टेबल होते, तेवढेही त्याच्या डोळ्यांत खुपले.

ताई रोज सकाळी मला पुन्हा बसवी. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला की गादीवर निळेराव हजर. शेवटी तर चित्र बदलायची सोयच बंद झाली. ताईने दुरुस्तीच्या माणसाला बोलावून घेतले. त्याला सगळे पासवर्डभाऊ म्हणतात, कारण दारात पाऊल टाकताच तो पासवर्ड विचारतो.

"काय हो, माझ्या मुलीने तुमचं काय घोडं मारलंय?"

"वरचा हुकूम आहे ताई, सगळीकडे एकच चित्र. माझ्या मशीनवर माझी बायको होती, तीसुद्धा गेली."

"मग घरी काय सांगितलंत?"

"अजून सांगितलं नाही."

ताई खुदकन हसली. मला ते मुळीच आवडले नाही. तिने भांडायला हवे होते.

तिला बरे वाटावे म्हणून पासवर्डभाऊने जाता जाता सगळ्या फाइली सरळ रांगेत लावून दिल्या. "बघा, कशा शिस्तीत उभ्या केल्या!"

तिथेच घोटाळा झाला. ताईने फाइलींची नावे कधी वाचलीच नव्हती. बूट दिसले की चालू तक्ता, कुत्रा दिसला की जुना. आता ना बूट, ना कुत्रा. घाईघाईत तिने जुनाच तक्ता छापून भिंतीवर लावला.

दुपारी पाळी बदलायच्या वेळी मेट्रनबाई तरातरा आल्या. "ताई, मुलांच्या वॉर्डात कुणीच आलं नाही! सकाळची सिस्टर रडणारं पोर कडेवर घेऊन उभी आहे. ती घरी जाणार कशी?"

 ताई दिसेल ती फाइल उघडत सुटली आणि कॉम्प्युटर अडकला. आत बसल्या बसल्या मला गुदगुल्या होत होत्या. आता कळेल म्हटले, या निळेरावांची किंमत!

ताईने स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात पाहिले आणि फोन उचलला. "सत्तेचाळीस नंबर. अडकलाय. मुलांचा वॉर्ड उघडा पडलाय हो, पळत या!"

पासवर्डभाऊ खरोखरच पळत आला. कॉम्प्युटर सुरू झाला, खरा तक्ता छापला गेला आणि ज्या सिस्टरची पाळी होती ती मुलांच्या वॉर्डाकडे धावली. ताईने पदराने घाम पुसला.

"बरा आहे हो तुमचा निळा. उपयोगाचा आहे."

मित्रांनो, मला लोकांनी गोड म्हटले, छान म्हटले. उपयोगाचा असे कुणी कधी म्हटले नव्हते.  वाटले, संपलो आपण. आता ताई मला पुसूनच टाकणार.

"ही रांग मोडली तर चालेल का?" ताईने विचारले.

"चालेल की. चित्राला हात लावता येत नाही, फाइली हव्या तिथे ठेवा."

ताई एकेक फाइल ओढू लागली. रजेचे अर्ज तिने आडवे मांडले, मधले थोडे खाली. त्यांच्याखाली चालू तक्ता. अगदी खाली, बाजूला, जुने तक्ते.

"रांग वाकडी झाली, ताई."

"वाकडी नाही, झोळ आहे. ओल्या चादरी आहेत त्या."

पासवर्डभाऊने कोऱ्या निळ्या पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिले. "आणि हे खाली एकटंच काय?"

"कुत्रा. उठवू नका त्याला."

आता मी एका फाइलीत घडी घालून राहतो. मुलीचा फोन येऊन गेला की ताई मला उघडते, बघते आणि मिटते. तुमच्याही घरात माझ्यासारखे पुष्कळ जण मिटून पडले असतील. जागा दुसऱ्याला द्यावी लागली तर द्या, आमची तक्रार नाही. पण अधूनमधून उघडा आम्हाला, आणि बूट कुणाचे होते ते धाकट्यांना सांगा.

परवा एक नवी सिस्टर आली. तिने मला कधी पाहिलेले नाही. दारातूनच म्हणाली, "ताई, माझी रजा दोरीवर आली का?"

निळेराव अजून सगळ्या टेबलांवर आहेत, आणि मला अजून त्यांचा हेवा वाटतो. पण या एका टेबलावर त्यांना दिवसभर माझी दोरी धरून उभे राहावे लागते, आणि तिच्यावर काय वाळत आहे ते त्यांना ठाऊकच नाही.