गोळी न लागलेले जाकीट

मित्रांनो, मी एक जुने, दमलेले जाकीट आहे. थंडीवाऱ्यासाठी शिवलेले नव्हे. माझ्या पोटात एका चिवट कापडाचे बावीस थर आहेत. पिस्तुलाची गोळी त्यांत अडकावी, माणसापर्यंत पोहोचू नये, एवढ्याचसाठी माझा जन्म झाला. लोक मला बुलेटप्रूफ म्हणतात. माझ्यावर मात्र कधीच कुणी गोळी झाडली नाही. मग हा दमला कशाने, असे तुम्ही विचाराल. ऐका तर.

पावणे गावच्या कारखान्यांच्या गर्दीत श्यामसुंदर नावाच्या कारागिराची छोटीशी शेड होती. कामगारांचे हातमोजे, वेल्डिंगचे चामडी एप्रन आणि बँकांच्या पहारेकऱ्यांसाठी आमच्यासारखी जाकिटे तो शिवायचा. माझे कापड परदेशातून आले होते. रंग पिकल्या केळ्यासारखा पिवळाधमक. श्यामसुंदरने मला निळ्या खोळीत घातले, खांद्याला आणि कमरेला चिकटपट्ट्या लावल्या आणि खुंटीला टांगले. हे १९९४ साल होते.

त्याच महिन्यात खाडीकाठच्या दिवाळे गावच्या धक्क्यावर एक खून झाला. नामदेव हा तिथल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. खाडीतली रेती चोरून उपसणाऱ्यांच्या तो आडवा यायचा. सकाळी नऊ वाजता, भर बाजारात, मोटरसायकलवरून दोघे आले आणि त्याला गोळ्या घालून गेले. धक्क्यावर पन्नास माणसे होती. पोलिसांनी विचारले तेव्हा बहुतेकांना काहीच दिसले नव्हते. चेहरे पाहिले असे सांगणारी माणसे दोनच निघाली. एक इसाकभाई, बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकणारे दुकानदार. दुसरी गोजरा, त्यांच्या दुकानासमोर मासळी विकणारी कोळीण. ते दोघे मारेकरी पकडले गेले, पण त्यांची माणसे बाहेर मोकळीच होती. इसाकभाईंच्या घरी फोन येऊ लागले. "शेठ, तुमाला काय दिसलंच नाय ना?" एवढेच विचारून फोन बंद व्हायचा.

इसाकभाईंची बायको नूरजहाँ हिने कुठूनतरी श्यामसुंदरचा पत्ता काढला आणि नवऱ्याला ओढतच शेडमध्ये आणले.

इसाकभाईंनी सगळ्यांत जाड जाकिटावर बोट ठेवले. त्यात लोखंडी पत्रे होते, अकरा किलोंचे वजन. श्यामसुंदरने ते त्यांच्या अंगावर चढवले आणि म्हणाला, "आता तो डबा खालून उचला. मग स्टुलावर बसा. मग जिना चढून या."

जिन्याच्या सहाव्या पायरीवर इसाकभाई धापा टाकू लागले.

"हे रायफलची गोळी अडवतं," श्यामसुंदर म्हणाला. "पण दुकानात रायफल घेऊन कोण येणार? येईल तो खिशात पिस्तूल घालून. आणि हे तुमी चार दिवस घालाल, पाचव्या दिवशी खुंटीला लावाल. खुंटीवरचं जाकीट खुंटीलाच वाचवतं, इसाकभाई. रोज अंगावर राहील ते घ्या."

मग त्याने मला खाली काढले. माझे वजन तीन किलोंहून कमी, शर्टाच्या आत मावणारे. नूरजहाँने मला नवऱ्याच्या अंगावर घातले, चारी बाजूंनी फिरून पाहिले आणि त्यांच्या काखेखाली सरळ हात घातला. "आणि इथून आली तर?"

"बरोबर बोललात वहिनी," श्यामसुंदर म्हणाला. त्याने तिथेच बसून माझ्या कडेला आणखी एक पट्टी वाढवली. त्याने हेही सांगितले, की मी सुरी अडवत नाही, मान आणि डोके झाकत नाही, आणि मला घालून कुणी वाघ होत नाही.

एवढा वेळ धीर धरलेल्या नूरजहाँला आता रडू आवरेना. ती बाहेर जाऊन उभी राहिली. नेमके तेव्हाच श्यामसुंदरने शेवटचे सांगितले. "फक्त खोळ धुवायची. आतल्या थरांच्या गाद्या ओल्या फडक्याने पुसायच्या. साबण नको, ब्लीचिंग नको, ऊन तर अजिबात नको. ऊन लागलं की हे कापड आतून मरतं." इसाकभाईंनी मान हलवली आणि घरी पोहोचेपर्यंत ते विसरून गेले.

मित्रांनो, त्यानंतरची तीन वर्षे मी दिवसभर एका माणसाच्या घामात भिजत होतो. मे महिन्यात दुकानाचा पत्रा तापायचा आणि इसाकभाईंची पाठ माझ्याखाली घामोळ्यांनी लाल व्हायची. पावसाळ्यात मी ओला तो ओलाच राहायचो. आमच्या किती वाऱ्या कोर्टात झाल्या! कधी आरोपींचा वकील आजारी, कधी आरोपींनाच आणलेले नसे. पुढची तारीख घेऊन आम्ही परत यायचो. बाकावर शेजारी गोजरा बसलेली असायची. तिची त्या दिवशीची विक्री बुडालेली असे.

एकदा इसाकभाईंनी तिला दुकानात बोलावून मला तिच्यापुढे धरले. "गोजराबाय, तुलापन असं एक शिवून घेऊ."

तिने मला लुगड्यावरून छातीला लावून पाहिले आणि ती हसू लागली. "भाई, यो घालून मी पाटी कशी उचलू? आनि बाजारात बाया इचारतील, गोजरा, पोटुशी हाईस का? नको मना." इसाकभाईही हसले. पण त्या दिवसापासून कोर्टात तिच्याशेजारी बसले, की ते शर्टाची वरची गुंडी लावून मला झाकून घेत.

घरी मात्र माझा फार लाड होता. माझ्या घामाचा वास नूरजहाँला सहन होत नसे. दर रविवारी ती माझी खोळ उघडून गाद्या बाहेर काढायची, साबणाच्या पाण्यात चिमूटभर ब्लीचिंग टाकून त्या बुडवायची आणि गच्चीवर कडक उन्हात वाळत घालायची. कावळ्यांनी टोचू नये म्हणून जवळ बसून राहायची. तिच्या हातात इतकी माया होती! आणि त्या मायेने माझा एकेक धागा मरत होता. माझा पिवळा रंग मातकट झाला. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण देवाने आम्हाला तोंड दिलेले नाही.

१९९७ साली अखेर साक्षीची तारीख पक्की झाली. आदल्या दुपारी इसाकभाई माझी सैल पट्टी शिवून घ्यायला पावण्याला गेले. श्यामसुंदरने खोळ उघडली, एक धागा बोटांत धरून ओढला. तो पटकन तुटला. त्याने मला नाकाशी नेले आणि त्याचा चेहरा उतरला.

"याला ऊन कोणी दाखवलं? ब्लीचिंगचा वास येतोय. इसाकभाई, हे गेलं. यावर भरवसा ठेवू नका."

इसाकभाई रिकाम्या खुंट्यांकडे पाहू लागले. मग म्हणाले, "दुसरं?"

"तयार एकपन नाही. सगळा माल एका सिक्युरिटीवाल्याला गेला. कापड यायला महिना लागेल. तारीख पुढे घ्या."

"गोजराबाय परत येईल का? तीन वर्षं झाली तिला." इसाकभाई उठले. "पट्टी तेवढी शिवून द्या. आणि बायकोचा फोन आला तर यातलं काही बोलू नका. ती स्वतःला खाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नूरजहाँने स्वतःच्या हातांनी माझ्या पट्ट्या आवळल्या. माझ्यावर दोनदा थोपटून ती म्हणाली, "आता बरोबर बसलं. जा, अल्ला निगेबान, तोच राखणारा."

इसाकभाई तिच्याकडे न पाहता पायऱ्या उतरले. माझ्या मेलेल्या थरांमागे त्यांचे काळीज धडधडत होते. मित्रांनो, एवढा लाजिरवाणा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

कोर्टाच्या बाहेर रस्त्यापलीकडे चार अनोळखी पोरे उभी होती. ती काही करत नव्हती, नुसती पाहत होती. बाकावर बसल्यावर इसाकभाई हळूच म्हणाले, "गोजराबाय, तुला म्हनून सांगतो. जाकीट खराब झालंय. आत काय राह्यलं नाय."

गोजराने त्यांच्याकडे नीट पाहिले. "मंग काय झाला, भाई? मी तं तीन वरसं अशीच येतंय." आणि ती थोडी सरकून त्यांच्या आणि दरवाजाच्या मध्ये बसली.

आधी तिचे नाव पुकारले गेले, मग इसाकभाईंचे. सरकारी वकिलाने विचारले, "तुम्ही या दोन आरोपींना ओळखता?" तेव्हा त्यांनी हात वर केला आणि एकाकडे, मग दुसऱ्याकडे बोट दाखवले. बोट खाली आले नाही. दोन महिन्यांनी त्या दोघांना जन्मठेप झाली. फोन थांबले. मी कपाटात गेलो. नूरजहाँ आल्यागेल्याला मला दाखवायची आणि म्हणायची, "यानेच वाचवलं यांना."

पुढच्या वर्षी नामदेवचा धाकटा भाऊ सुभाष सोसायटीचा चेअरमन झाला आणि त्यालाही धमक्या सुरू झाल्या. नूरजहाँने मला बाहेर काढले, घडी घातली आणि नव्या पिशवीत ठेवले. "सुभाषला देऊन येते."

आता इसाकभाईंना बोलावेच लागले. त्यांनी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि सगळे सांगितले.

ती खाली बसली. "कधीपासून माहीत होतं तुमाला?"

"साक्षीच्या आदल्या दिवसापासून."

"आणि मी पट्ट्या बांधून दिल्या..." मग तिने विचारले, "का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? ऊन दाखवू नको, हे तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. ते मी विसरलो. चूक माझी."

"मग टाकून देऊ?" असे त्यांनीच पुढे विचारले. "नको," ती म्हणाली, "टाकलं तर गरजेपोटी कुणीतरी उचलून घालील." तिने दुकानातून बोटी रंगवायचा लाल ऑइलपेंट मागवला आणि माझ्या दोन्ही गाद्यांवर, पुढे आणि मागे, हातभर मोठ्या अक्षरांत लिहिले : बाद.

मग ती सुभाषला घेऊन त्याच्यासाठी नवे जाकीट शिवून घ्यायला पावण्याला गेली. तिथे तिने काय काय विचारले, हे श्यामसुंदर नंतर दुकानात येऊन सांगत होता. कसे धुवायचे, कुठे वाळवायचे, किती वर्षांनी बदलायचे. सगळे तिने वहीत उतरवून घेतले आणि सुभाषच्या बायकोला दोनदा वाचून दाखवले.

मित्रांनो, मला कुणाचाही राग नाही. माझी एकच विनवणी आहे. जिवाची राखण करणारी वस्तू घ्याल, तेव्हा ती कशी जपायची हे घालणाऱ्याला सांगा, आणि धुणाऱ्या हातांनाही सांगा. मी आता दुकानाच्या माळ्यावर पडून आहे. रंग वाळला आहे. खूप दमलो होतो. आता मला कुणी अंगावर घालणार नाही, आणि मला शांत झोप लागते.