हिमसोड घराचा धूर

कचेरीतून आलेल्या त्या मुरोतानीला पाहुण्याची रीत कुणी शिकवलेलीच नाही. माझ्या ओट्यावर बसला, माझ्या हातच्या मुळ्याच्या लोणच्याच्या पाच फोडी खाल्ल्या, आणि माझ्याच देखत किनुएच्या घरावर लाल फुली मारली.

आमच्या तोचिदाइरा गावात अकरा घरं. सगळ्यांचं आडनाव हिराबायाशी, म्हणून आम्ही माणसाला घराच्या नावानं ओळखतो. मी वळणघरची. खाली कोळसेघर. सगळ्यात वर किनुएचं हिमसोड. माझ्या आजेसासऱ्याच्या लहानपणी डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला, चार घरं घेऊन गेला आणि हे एक सोडलं, म्हणून हिमसोड. मुरोतानी गावाचा नकाशा आणि इतिहास लिहायला आलेला, म्हणून हे सगळं सांगितलं. तर म्हणतो, "आजी, नकाशावर आडनावच चालतं." आणि अकरा ठिकाणी हिराबायाशी लिहून मोकळा!

"आणि ही फुली कसली रे?"

"रिकामं घर. तीन वर्षं तिथं कुणी राहत नाही. रिकाम्या घराच्या वाटेवरचा बर्फ यंदापासून आमचं यंत्र काढणार नाही."

मी किटली खाली ठेवली. किनुए आणि मी एकाच साली सुना म्हणून या गावात आलो. सासूची बोलणी खाल्ली की दोघी ओढ्यावर जाऊन रडायचो, मग हसायचो. तिचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा मुलानं तिला शहरात नेलं. जाताना तिनं माझ्या हातात काड्यापेटी ठेवली. गवताच्या छपराला धूर लागतो. धूर नसला की ओल धरते, कीड पडते, आणि पुरुषभर बर्फ साचला की घर बसतं. म्हणून एक दिवसाआड मी वर जाऊन तिची चूल पेटवते. वाट बुजली तर या गुडघ्यांनी कशी चढणार?

"ऊठ," मी म्हटलं, "बूट घाल."

चढावर तोच धापा टाकत होता. घरात नेऊन मी त्याला चुलीपुढं बसवलं.

"फुंक. गालांनी नाही, पोटातून!"

डोळ्यांतून पाणी आलं बिचाऱ्याच्या, पण लाकडं पेटली. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. चुलीच्या दिवशी किनुए याच वेळेला करते. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ओरडते. सगळं त्यालाही ऐकू गेलं.

"तोमे, धूर निघाला का गं?"

"निघाला. आज सरकारी फुंकर आहे."

"अगं बाई! मग विझेल लवकर." हसली मेली. मग म्हणाली, "बर्फ वितळला की येते हं मी. माझा विळा कुणाला देऊ नकोस."

"नाही देत. ये तू."

तीन वर्षं ती हेच म्हणते, मीही हेच म्हणते. तिचा पाय आता कसा आहे ते मला ठाऊक आहे.

मुरोतानीनं नकाशा मांडीवर घेतला. बाहीनं डोळे पुसले, खोडरबर काढलं आणि फुली पार कागद विरेपर्यंत खोडली.

"आजी, मग इथं काय लिहू?"

"हिमसोड लिही. खाली लिही, बाई बाहेर गेली आहे, घर चालू आहे. आणि तुझं सांगायचं तर मुरोतानी, तुला रीत नाही, तुझ्या नकाशात अक्कल नाही. पण फुंकर चांगली आहे. परवा ये, येताना लाकडं घेऊन ये."