टोपाचं अस्तर

"आई, चर्चमध्ये शवपेटीजवळ हा फोटो ठेवू या," रोवेना म्हणाली. फोटोत माझा नवरा लेव्ही. डोक्यावर पिसांचा टोप, दोन्ही बाजूंना गोऱ्या पर्यटकांची पोरं.

"ठेव बाजूला. मी त्याला फेटा बांधून पाठवणार आहे."

"फेटा? बाबांना फेट्यात बघितलंय कुणी?"

बघणार कसं? मी ठेवला तर ना.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. आम्हा चेरोकी जमातीच्या लोकांत पुरुषाच्या डोक्याला फेटाच शोभतो. लेव्हीकडे आजोबांचा होता, लाल छिटाचा. आरशात न बघता बांधायचा, टोक डाव्या कानामागे खोचायचा. तसाच तो रस्त्याकडेच्या आमच्या टोपल्यांच्या दुकानासमोर उभा राहिला. मोटारीतून एक बाई उतरली नि म्हणाली, "खरा रेड इंडियन कुठंय?" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

दुसऱ्याच दिवशी मी टर्कीची पिसं रंगवून टोप शिवला. कपाळाला टोचू नये म्हणून आतून मऊ कापड हवं होतं. घरात मऊ कापड एकच. कात्री चालवली. विचारलं नाही.

लेव्ही लाल छिटाच्या तुकड्यांकडे बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, "अगं, हा टोप मैदानी मुलखातल्या दुसऱ्या जमातींचा. त्यांच्यात एकेक पीस पराक्रमानं कमवावं लागतं."

"मग तूही कमव. जा, उभा राहा!" माझी जीभ ही अशी.

एकतीस उन्हाळे पर्यटकांच्या फोटोंसाठी उभा राहिला. पण टोप कधी घरात आणला नाही. पडवीतल्या खिळ्याला अडकवायचा, डोकं पुसायचा, मग उंबरा ओलांडायचा. "दुसऱ्याची वस्तू आहे," म्हणायचा. फेट्याचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही. एकदा काढायचं होतंस रे. भांडले असते, मोकळी झाले असते.

मी खिळ्यावरचा टोप काढला आणि टाके उसवायला बसले.

"अगं आई, बाबांची आठवण आहे ती!"

"म्हणूनच. कात्री दे."

अस्तराची पट्टी निघाली. घामानं काळी पडलेली, दुमडीत तेवढी लाल.

पेटीतल्या लेव्हीच्या कपाळाभोवती तिचा एकच फेरा आला. टोक डाव्या कानामागे खोचलं. सुटलं. पुन्हा खोचलं आणि बोट तिथंच दाबून धरलं.

"आई, न्यायला लोक आलेत."

"येऊ देत," मी म्हणाले. बोट काढलं नाही.