एक ‘पहिल्या’ जास्त

टाचणीचं पत्र आलं त्याला आज अकरा आठवडे झाले. टाचणी म्हणजे माझी भाची. लहानपणी काडीसारखी बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. आता ती एकेचाळीस वर्षांची आहे, आणि पत्र तिनं रुग्णालयातून लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते रोज माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घराखाली होतं, आणि चष्मा तर मला उठल्याबरोबर लागतो.

पत्रात आजाराबद्दल दोनच ओळी होत्या. बाकी सगळं खेळाबद्दल.

तो खेळ आमच्यात तिनंच आणला. फासे, कागद आणि कल्पना एवढ्यावर चालणारा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, राक्षसांच्या गुहेत शिरायचं आणि जमलं तर जगून बाहेर यायचं. पात्राला किती मार सोसेल त्या आकड्याला आम्ही ‘जीव’ म्हणायचो. पात्राला एक किंवा अधिक पेशे असायचे, त्यांत ते पातळी-पातळीनं चढायचं, आणि दर पातळीला त्या पेशाच्या फाशावरून जीव वाढायचा; जादूगाराचा फासा सहा बाजूंचा, योद्ध्याचा दहा. दर रविवारी दुपारी तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही पाच-सहा जण बसायचो. मी सगळ्यांत म्हातारा. मी नेहमी जादूगार व्हायचो, कारण जादूगाराकडे पुस्तकं असतात. आणि नेहमी तासाभरात मरायचो.

“मामा, तुझ्या जादूगाराला शिंक आली तरी तो जातो,” टाचणी म्हणायची. “एकदा रानवीर हो की! अंगात ताकद, डोक्यात काही नाही.”

“अर्धं तर जमलंच आहे मामांना,” तिचा नवरा म्हणायचा, “ताकदीचं तेवढं बघायचं.”

मी हसायचो. बोलायला मला सुचायचं ते घरी परतल्यावर.

खेळाचं नियमपुस्तक परक्या भाषेत होतं. ते मराठीत मी आणलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, तेव्हा एवढं तरी जमेल असं वाटलं. ओळखीच्या छापखान्यातून तीस प्रती काढल्या. माझ्या आयुष्यात माझं असं छापलेलं तेवढंच.

टाचणीनं लिहिलं होतं:

‘मामा, मला मरायला अवघड असं पात्र हवंय, आणि युक्ती सापडलीय. पान एकोणीस बघ. “पेशाच्या पहिल्या पातळीला फासा पूर्ण धरावा.” म्हणजे फाशावरचा सगळ्यांत मोठा आकडा; पुढच्या पातळ्यांना नुसता मधला मिळतो. मग एकाच पेशात पाच पातळ्या चढायच्या कशाला? पाच पेशांची पहिली पहिली पातळी घ्यायची, की प्रत्येक फासा पूर्ण! रानवीराचे बारा, योद्ध्याचे दहा, पुजाऱ्याचे आठ, चोराचे आठ आणि जादूगाराचे सहा (तो तुझ्यासाठी घेतलाय, शिंकू नकोस). झाले चव्वेचाळीस. काटकपणाचे दर पातळीला तीन, म्हणजे पंधरा. एकूण एकोणसाठ जीव! नुसता रानवीर पंचावन्नावर थांबतो. आजवर कुणाला कसं सुचलं नाही? इथल्या नर्सबाईंनासुद्धा समजावून सांगितलंय. तू तपास. तू बरोबर म्हटल्याशिवाय मी हे पात्र खेळायला काढणार नाही.’

वाचतानाच कुठेतरी खटकलं. मी मूळ पुस्तक काढलं, माझं हस्तलिखित काढलं आणि शेवटी जुनी मुद्रितं काढली. हस्तलिखितात वाक्य असं होतं: ‘पहिल्या पेशाच्या पहिल्या पातळीला फासा पूर्ण धरावा.’ मुद्रितातही ते तसंच आलं होतं. आणि त्यातल्या सुरुवातीच्या ‘पहिल्या’वर लाल शाईची काट होती. माझ्या हाताची.

एका ओळीत एकच शब्द दोनदा दिसला की तो खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची चूक म्हणून खोडायचा, ही चाळीस वर्षांची सवय. असे हजारो शब्द मी खोडले असतील. इथे दोन्ही हवे होते. दोन पेशांचं पात्र आमच्यात कुणी केलंच नव्हतं, त्यामुळे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

खऱ्या नियमानं पहिला पेशा रानवीराचा, म्हणून त्याचे तेवढे बारा पूर्ण. पुढच्यांचे सहा, पाच, पाच, चार. पंधरा मिळवले की सत्तेचाळीस. तिच्या एकोणसाठांतले बारा गेले. पाच पेशे घेऊन ती नुसत्या रानवीरापेक्षाही अशक्त होत होती.

हे तिला कळवायचं कसं? ‘बरोबर’ एवढं लिहून टाकावं, तर हात उठेना. खरं लिहावं, तर ‘सत्तेचाळीस’पाशी येऊन पेन थांबायचं. ते फाशांवरचे आकडे आहेत, बाकी काही नाही, असं मी स्वतःला बजावत राहिलो. सात मसुदे केले. सातही फाडले.

आज सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला.

“मामा, तुमचं काही आलं का म्हणून ती रोज विचारायची.”

“आता?”

“आता नाही विचारत. झोपूनच असते. डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा. काल आणलं. घरी न्या म्हणतात म्हणजे... तुम्हाला कळतंय ना?”

“हो.”

“तो पाच पेशांचा कागद तिनं कधीच फाडला. म्हणाली, मामा गप्प आहे म्हणजे चूक सापडलीय, आणि मला वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीये. औषधांनी माझं डोकं गेलंय, साधी बेरीज जमत नाही, म्हणाली. त्यानंतर फाशांना हात लावला नाही. मामा, बेरीज चुकली होती का हो तिची?”

“नाही.”

“मग तेवढं सांगा तिला. फोन कानाला लावतो. बोलत नाही फारसं, पण ऐकू येतं.”

पलीकडे उशी सरकवल्याचा आवाज आला.

“लिहितो,” मी म्हणालो. “आत्ताच लिहितो.”

तो म्हणाला, “बरं. लिहा.” लहान मुलाची समजूत काढावी तसं.

या वेळी मसुदा केला नाही.

‘टाचणी, तुझी बेरीज बरोबर आहे. चूक पान एकोणीसवर आहे आणि ती माझी आहे. मी एक “पहिल्या” जास्तीचा समजून खोडला. तो ठेवला तर तुझे सत्तेचाळीस होतात. पण तुझ्या हातात मी जे पुस्तक दिलं त्याप्रमाणे एकोणसाठच, आणि त्यात तू एका आकड्यालाही चुकलेली नाहीस. बारा कमी झाले हे सांगवेना, म्हणून मी अकरा आठवडे गप्प बसलो. त्या गप्प बसण्यानं तुझे किती गेले, ते मला मोजता येत नाही. मामा.’

पुन्हा वाचून न बघता पाकीट चिकटवलं, तिच्या घरचा पत्ता घातला आणि टपाल कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी वजन करून तिकीट लावून दिलं.

“उद्या पोचेल का?”

“परवा.”

“त्याआधी नाहीच?”

“एवढं घाईचं असेल तर फोन करा की, आजोबा.”

“हो,” मी म्हणालो, आणि पत्र पेटीत टाकलं.